बिल्ड झालं म्हणतंय, पण पानं कोरी

तुझा प्रश्न मला कळला तो असा: कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला इंटर्नशिप, तिथलं नेट आलं तर आलं, पायथनची एक लायब्ररी जुन्या आवृत्तीचीच वापरायची, आणि साईटवर डॉक्युमेंटेशन दिसतं ते नव्या आवृत्तीचं. म्हणून सोर्स उतरवून स्फिंक्सनं (डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणारं टूल) स्वतःच बिल्ड केलंस. शेवटी ‘बिल्ड सक्सीडेड, ३८ वॉर्निंग्ज’ आलं आणि एपीआयची, म्हणजे फंक्शन-क्लासच्या माहितीची, पानं मात्र कोरी.

भावा, ते ‘सक्सीडेड’ वाचून तू खूश झालास आणि ३८ वॉर्निंग्ज तशाच सोडल्यास. गोम तिथंच आहे. स्फिंक्सचं ऑटोडॉक (कोडवरून पानं भरणारा भाग) कोडची फाईल नुसती वाचत नाही, ते मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करतं, म्हणजे पायथनमध्ये लोड करतं, आणि मग आतल्या डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहिलेली वर्णनं, उचलतं. इम्पोर्ट फसलं तरी ते थांबत नाही. एक वॉर्निंग टाकतं, पानावर तुझा मथळा तेवढा राहतो आणि गाडी पुढं जाते. वर स्क्रोल करून पहिली वॉर्निंग बघ, ‘फेल्ड टू इम्पोर्ट मॉड्यूल’ अशीच असणार. बाकीच्या बहुतेक तिचीच पिलावळ.

आता इम्पोर्ट का फसतं? दहातल्या आठ वेळा स्फिंक्स एका पायथनमध्ये असतं आणि लायब्ररी दुसऱ्यात. तू व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरता वेगळा पायथन) केलंस, लायब्ररी त्यात घातलीस, पण स्फिंक्स आधीपासून सिस्टीमवर होतं आणि चाललं ते. दोन्ही एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये घाल. डॉक्सच्या फोल्डरात वेगळी रिक्वायरमेंट्स फाईल (लागणाऱ्या पॅकेजची यादी) असेल तर तिच्यातलंही घाल, थीम बहुतेक तिच्यातच असते. मग नुसतं स्फिंक्स बिल्ड न म्हणता ‘पायथन डॅश एम स्फिंक्स’ असं चालव, म्हणजे कुठला पायथन हा घोळच राहत नाही. लायब्ररीत सीमधला भाग असेल तर तो आधी कंपाईल व्हायला लागतो, त्याला दुसरी वाट नाही.

उरलेल्या दोन वेळा कारण हार्डवेअरचं असतं. मी आधी जिथं होतो तिथं वजनकाट्याचं रीडिंग सिरीयल पोर्टवरून घेणारी छोटी लायब्ररी होती. उसाच्या गाड्या, सीझनमध्ये रात्रभर काटा चालू. डॉक्स बनवणाऱ्या मशीनवर सिरीयलचं पॅकेजच नव्हतं, म्हणून आमचीही पानं कोरी. स्फिंक्सच्या सेटिंगच्या कॉन्फ फाईलमध्ये ‘ऑटोडॉक मॉक इम्पोर्ट्स’च्या यादीत ‘सिरीयल’ लिहिलं, म्हणजे त्या पॅकेजच्या जागी नकली उभं केलं, आणि पानं भरली. पण मॉक जपून वापर. मॉक केलेल्या क्लासवरून तुझा क्लास उतरलेला असेल तर पानावर भलतंच काहीतरी येतं.

त्याच लायब्ररीनं मला दुसरा धडा दिला. फंक्शन आधी टनात वजन द्यायचं, नंतर कोणीतरी किलोत केलं, डॉकस्ट्रिंग टनातच राहिली. नवीन पोरानं डॉक्स वाचून रिपोर्ट केला आणि एक गाडी १८,४२० टनांची निघाली. हसू नकोस, रिपोर्ट साहेबांपर्यंत गेला होता. मग मी पोर्ट वाचणारा भाग आणि आलेली ओळ फोडून आकडा काढणारा भाग वेगळे केले, या दुसऱ्या भागाच्या डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरण लिहिलं आणि ती उदाहरणं चालवून बघणारं ‘मेक डॉकटेस्ट’ लावलं. उदाहरणातला आकडा आणि कोडचा आकडा जुळला नाही की ते सरळ फेल होतं. इथं काट्याची गरजच पडत नाही.

आवृत्तीचं म्हणशील तर आधी ‘पिप शो’नं इन्स्टॉल केलेली लायब्ररी नेमकी कुठल्या आवृत्तीची आहे ते बघ आणि सोर्सच्या गिटमध्ये त्याच टॅगवर, म्हणजे त्या आवृत्तीच्या खुणेवर, जा. क्लोन करताना (सोर्स उतरवताना) ‘डेप्थ १’, म्हणजे फक्त शेवटचा बदल, मागितला असशील तर जुने टॅग येत नाहीत. काही प्रकल्प आवृत्तीचा नंबर टॅगवरूनच काढतात, त्यांच्या डॉक्सवर मग ०.१ असलं काहीतरी छापून येतं.

आणि प्रत्येक वेळी बिल्ड करायलाच हवं असंही नाही. रीड द डॉक्स या डॉक्स ठेवायच्या साईटवर असलेल्या बऱ्याच प्रकल्पांत आवृत्ती बदलायचा मेनू असतो, काहींची पीडीएफही मिळते. पायथनचे स्वतःचे डॉक्स झिपमध्ये उतरवता येतात. घाईत असशील तर ‘पायथन डॅश एम पायडॉक डॅश बी’ मार, तुझ्या मशीनवर जे इन्स्टॉल आहे त्याचंच डॉक्युमेंटेशन ब्राउझरमध्ये उघडतं, नेट लागत नाही. दिसायला साधं आहे, पण आवृत्ती चुकत नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा मी घरात अडकलो होतो, नेट गायब. लाईट यायची तेवढ्या वेळात लॅपटॉप चार्ज करायचा आणि पायडॉक उघडून काम ढकलायचं.

नेट नसताना स्फिंक्स चालवलंस तर इंटरस्फिंक्सच्या वॉर्निंग्ज येतील, कारण ते दुसऱ्या प्रकल्पांची सूची नेटवरून आणतं. त्या सोडून दे, फक्त तिकडच्या लिंक तयार होत नाहीत. पण वॉर्निंगलाच एरर धरणारं ‘डॅश कॅपिटल डब्ल्यू’ लावलं असशील तर त्या वॉर्निंगनंही बिल्ड पडेल. आणि नवीन पान घातलंस पण जुन्या पानांच्या साईडबारमध्ये ते दिसत नसेल तर ‘मेक क्लीन’ करून परत बिल्ड कर.

एवढं करूनही पानं कोरीच राहिली तर ‘डॅश स्मॉल डब्ल्यू’ आणि फाईलचं नाव देऊन वॉर्निंग्ज फाईलमध्ये घे आणि पहिल्या दहा ओळी इथं टाक. स्क्रीनशॉट नको, मजकूर टाक. रात्री नऊनंतर बघतो.