अमेरिकेतल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश कसा होतो? त्याचं काम आपल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींसारखंच असतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते. मुंबई हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध दिल्लीला जाता येतं, निदान विशेष परवानगी तरी मागता येते. अमेरिकेत करार, नुकसानभरपाई, जमीनजुमला, घटस्फोट, वारसा आणि बहुतांश गुन्हे हे राज्याच्या कायद्याचे विषय आहेत. त्या कायद्याचा राज्याच्या सुप्रीम कोर्टाने लावलेला अर्थ अखेरचा. वॉशिंग्टनचं सुप्रीम कोर्ट त्यात हात घालतं ते केंद्राच्या कायद्याचा किंवा अमेरिकेच्या राज्यघटनेचा मुद्दा असेल तरच. म्हणजे सामान्य माणसाच्या आयुष्याला लागणाऱ्या बऱ्याचशा प्रश्नांवर शेवटचा शब्द या लोकांचा असतो.

नावांवर मात्र विसंबू नका. न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणजे खटले चालवणारं खालचं कोर्ट, सर्वांत वरच्या कोर्टाला तिथे ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणतात. टेक्सासमध्ये सर्वोच्च कोर्टं दोन, दिवाणीचं वेगळं आणि फौजदारीचं वेगळं, दोन्हीकडे नऊ-नऊ न्यायाधीश. पन्नास राज्यांचे पन्नास नियम एका उत्तरात मावणार नाहीत, म्हणून मी प्रामुख्याने कॅलिफोर्नियाबद्दल लिहितो.

कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात एक सरन्यायाधीश आणि सहा सहन्यायाधीश असतात. पात्रतेची अट एका ओळीची आहे: दहा वर्षं वकिलीची सनद किंवा दहा वर्षं न्यायाधीशपद. आपल्या हायकोर्टाची अटही साधारण अशीच, पण साम्य इथेच संपतं. आपल्याकडे कॉलेजियम नावं सुचवतं, तिथे गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख. गव्हर्नर ज्याचा विचार करतो त्याचं नाव आधी स्टेट बारच्या, म्हणजे राज्यातल्या वकिलांच्या संस्थेच्या, मूल्यमापन आयोगाकडे जातं. आयोगाला नव्वद दिवस मिळतात. त्यात तो त्या माणसाबरोबर आणि त्याच्यासमोर काम केलेल्या वकील-न्यायाधीशांकडे गोपनीय प्रश्नावली पाठवतो, मुलाखत घेतो आणि चारपैकी एक शेरा देतो: अपवादात्मक पात्र, उत्तम पात्र, पात्र, अपात्र. त्यानंतर तीन जणांच्या नियुक्ती आयोगासमोर जाहीर सुनावणी होते. हे तिघे म्हणजे सरन्यायाधीश, राज्याचा ॲटर्नी जनरल (सरकारचा मुख्य कायदा अधिकारी) आणि अपील कोर्टाच्या पीठासीन न्यायाधीशांपैकी सर्वांत ज्येष्ठ. दोघांनी होकार दिला की शपथ.

हा टप्पा नुसता उपचार आहे असं समजू नका. १९४० साली गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांनी बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक मॅक्स रेडिन यांचं नाव पाठवलं आणि आयोगाने ते फेटाळलं. तेव्हाचे ॲटर्नी जनरल होते अर्ल वॉरन, जे पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. मग ओल्सननी त्याच विद्यापीठातले करकायद्याचे प्राध्यापक रॉजर ट्रेनर यांचं नाव दिलं. ट्रेनर एक दिवसही न्यायाधीश नव्हते. ते तीस वर्षं टिकले आणि माझ्या मते राज्य पातळीवर अमेरिकेने पाहिलेले सर्वांत प्रभावी न्यायाधीश ठरले. त्यांच्याकडे पुन्हा येतो.

करिअर म्हणाल तर बढतीची ठरलेली शिडी नाही. सध्याच्या सरन्यायाधीश पॅट्रिशिया गेरेरो यांचा रस्ता त्यातल्या त्यात सरळ आहे: सरकारी वकील, मोठ्या फर्ममध्ये भागीदार, २०१३ मध्ये सॅन डिएगोच्या सुपीरियर कोर्टात (खटले चालवणारं खालचं कोर्ट) न्यायाधीश, २०१७ मध्ये अपील कोर्ट, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट. लिओन्ड्रा क्रूगर यांची निवड २०१४ मध्ये झाली तेव्हा त्या चाळिशीच्याही आत होत्या. न्यायदानाचा अनुभव शून्य, पण केंद्र सरकारतर्फे वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात बारा प्रकरणं लढवलेली. गुडविन लिऊ हे प्राध्यापक. ओबामांनी त्यांना केंद्राच्या अपील कोर्टावर नेमायचं ठरवलं, सेनेटमध्ये ते अडलं आणि २०११ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्यांना इकडे घेतलं. त्यामुळे ‘काय शिकू म्हणजे तिथे पोचेन’ याला उत्तर नाही. चार वर्षांची पदवी, तीन वर्षांचं लॉ स्कूल आणि बारची परीक्षा एवढंच ठरलेलं, पुढे योग्य वेळी योग्य गव्हर्नर असावा लागतो.

शपथ घेतली म्हणजे सुटलो असंही नाही. गव्हर्नरच्या पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या न्यायाधीशाचं नाव मतपत्रिकेवर येतं. समोर प्रतिस्पर्धी नसतो, पक्षाचं चिन्ह नसतं. यांना ठेवायचं का, एवढाच प्रश्न. हो किंवा नाही. मुदत बारा वर्षांची, पण आधीच्याच्या उरलेल्या मुदतीत आलेल्याला तेवढीच वर्षं मिळतात, मग पुन्हा मतदान. एरवी मतदार डोळे झाकून ‘हो’वर खूण करतात. १९८६ साली केली नाही.

रोझ बर्ड या १९७७ मध्ये थेट सरन्यायाधीश म्हणून आल्या, त्या कोर्टातल्या पहिल्याच महिला. आधी राज्याच्या मंत्रिमंडळात होत्या, न्यायाधीशपदाचा अनुभव नव्हता. १९७८ च्या मतदानात त्या जेमतेम बावन्न टक्क्यांच्या आसपास तरल्या. पुढच्या काळात मृत्युदंडाची साठहून जास्त प्रकरणं त्यांच्यासमोर आली आणि प्रत्येकात त्यांनी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये दोनतृतीयांश मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. त्यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हेही गेले. तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन यांनी उघड विरोधात प्रचार केला होता आणि तिघांच्या जागा भरायची संधीही त्यांनाच मिळाली. एकाच मतदानात कोर्टाचा तोंडवळा बदलला. त्यानंतर कॅलिफोर्नियात सुप्रीम कोर्टाचा एकही न्यायाधीश असा हरलेला नाही, तरी १९८६ विसरलेलाही नाही.

तरी कॅलिफोर्निया सौम्यच म्हणायचा. आयोवात २००९ साली कोर्टाने एकमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी मतदानाला आलेले तिन्ही न्यायाधीश घरी गेले. विस्कॉन्सिनमध्ये उमेदवार एकमेकांविरुद्ध रीतसर निवडणूक लढवतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या एका जागेसाठी खर्चाचा आकडा दहा कोटी डॉलरच्या घरात गेला. वेस्ट व्हर्जिनियात २००४ साली कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराला निवडून आणण्यासाठी सुमारे तीस लाख डॉलर ओतले, त्याच कंपनीचं अपील पुढे त्या न्यायाधीशासमोर आलं आणि तो बाजूला व्हायला तयार होईना. शेवटी २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की त्याने बाजूला व्हायलाच हवं होतं. दुसऱ्या टोकाला ऱ्होड आयलंड, तिथे नेमणूक तहहयात. मॅसॅच्युसेट्समध्ये सत्तरीपर्यंत. मला विचाराल तर मॅसॅच्युसेट्सची पद्धत सगळ्यात शहाणी आहे.

आता काम. याबद्दल फारसं कुणी विचारत नाही, पण न्यायाधीशाचं आयुष्य यातच जातं.

अपील कोर्टाचा निकाल तीस दिवसांनी अंतिम होतो. त्यानंतर फक्त दहा दिवसांची खिडकी उघडते, तेवढ्यात पुनर्विलोकनाचा अर्ज सुप्रीम कोर्टात पडला पाहिजे. मर्यादा ८,४०० शब्द. असे अर्ज वर्षाला हजारोंनी येतात, निकाल शंभराच्या आत लागतात. मधली चाळण अशी: कोर्टाच्या मध्यवर्ती कायदा-विभागाचे कर्मचारी प्रत्येक अर्जावर टिपण करतात आणि अर्ज ‘अ’ किंवा ‘ब’ यादीत टाकतात. ‘ब’ म्हणजे चर्चेशिवाय नामंजूर, कुणा न्यायाधीशाने हरकत घेतली नाही तर. ‘अ’ यादीवर बुधवारच्या बैठकीत चर्चा होते. दाखल करून घ्यायला सातपैकी चार मतं लागतात आणि ठरवायला साठ दिवस असतात, ताणून नव्वद.

बहुतेक अर्ज पडतात ते एकाच कारणाने. वकील पानोपानी सांगत बसतो की अपील कोर्ट चुकलं. चुकलं असेलही, पण सुप्रीम कोर्ट चूक दुरुस्त करायला बसलेलं नाही. दोन अपील खंडपीठांनी एकाच कायद्याचे परस्परविरोधी अर्थ लावलेत का, किंवा प्रश्न राज्यभर महत्त्वाचा आहे का, एवढंच ते पाहतं. दुसरी नेहमीची घसरगुंडी म्हणजे अपील कोर्टाने वस्तुस्थिती चुकीची मांडली असेल तर पंधरा दिवसांत तिथेच फेरसुनावणी मागावी लागते. ती मागितली नसेल तर वरचं कोर्ट सहसा खालच्या निकालातली वस्तुस्थितीच धरून चालतं.

मृत्युदंडाला ही चाळण नाही. ते अपील आपोआप, थेट सुप्रीम कोर्टात येतं. कागदपत्रं हजारो पानांची, वर्षानुवर्षं चालणारी. २०१९ पासून गव्हर्नरने अंमलबजावणी थांबवली आहे, पण अपिलं थांबलेली नाहीत.

प्रकरण दाखल झालं की सरन्यायाधीश ते एका न्यायाधीशाकडे सोपवतात, शक्यतो दाखल करायच्या बाजूने मत दिलेल्याकडे. त्याच्या दालनातले कायदेसहायक कच्चं टिपण तयार करतात. हे वर्षभरासाठी आलेले नवखे पदवीधर नसतात, त्यातले बरेच जण वर्षानुवर्षं तिथेच काम करतात. टिपण जवळजवळ निकालपत्रासारखंच असतं. ते बाकीच्या सहा जणांकडे फिरतं आणि प्रत्येक जण लेखी कळवतो: सहमत, काही शंकांसह सहमत, साशंक, किंवा असहमत. चार जणांचं सूत जुळतंय असं दिसलं की मगच प्रकरण सुनावणीला लागतं.

म्हणजे वकील उभा राहण्याआधीच निकालाचा मसुदा तयार असतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे राज्यघटनेतलं एक कलम आहे. सुनावणीनंतर निकालासाठी राखलेलं प्रकरण नव्वद दिवसांपेक्षा जास्त पडून राहिलं, तर त्या न्यायाधीशाला पगार उचलता येत नाही. पगारासाठी तसं शपथेवर लिहून द्यावं लागतं. एके काळी कोर्ट प्रकरण ‘राखलेलं’ नाहीच असं दाखवून पळवाट काढायचं. पुढे ती बंद झाली, म्हणून सगळी मेहनत सुनावणीच्या अलीकडे सरकली. आपल्याकडे महिनोन्‌महिने राखून ठेवलेले निकाल आठवले की हे कलम मला फार आवडतं. त्याची किंमतही आहे, कारण युक्तिवादाने मत फिरण्याची शक्यता कमी होते. प्रत्येक बाजूला तीस मिनिटं मिळतात, मृत्युदंडात पंचेचाळीस. अनुभवी वकील त्या तीस मिनिटांत भाषण करत नाही. प्रश्न कुठल्या दिशेने येतायत यावरून टिपणाचा कल ओळखतो आणि डळमळीत वाटणाऱ्या एका न्यायाधीशाशी बोलत राहतो.

सुनावणीनंतर लगेच सातही जण बंद दाराआड बसतात, कच्चं मतदान होतं आणि लिहिणाराचं नाव पक्कं होतं. मग मसुदे फिरतात, वाक्यं कापली जातात, कुणी भिन्नमत लिहायला घेतो. चौथं मत टिकवण्यासाठी बहुमताच्या निकालातला एखादा धारदार परिच्छेद हमखास बळी जातो. कुठल्याही निकालपत्रात मध्येच भाषा मुळमुळीत झालेली दिसली तर तिथे असा सौदा झाला असावा, असं मी तरी धरतो.

अशा चौथ्या मताचं वजन ट्रेनरांच्या काळात दिसलं. मेक्सिकन वंशाची अँड्रिया पेरेझ आणि कृष्णवर्णीय सिल्व्हेस्टर डेव्हिस यांना लॉस एंजेलिसच्या कारकुनाने विवाहाचा परवाना नाकारला, कारण आंतरवंशीय लग्नाला कायद्याने बंदी होती. १९४८ मध्ये ट्रेनरांनी ती बंदी घटनाबाह्य ठरवली, चार विरुद्ध तीन मतांनी. वॉशिंग्टनला तिथवर यायला १९६७ उजाडलं. १९४४ मध्ये वेट्रेसच्या हातात कोका-कोलाची बाटली फुटली, तेव्हा त्यांनी एकट्याने वेगळं लिहिलं की कारखानदाराची चूक सिद्ध करायची गरजच नसावी, सदोष माल बाजारात आणला एवढं पुरे. तेव्हा कुणी साथ दिली नाही. १९६३ मध्ये, लाकूडकामाच्या यंत्रातून उडालेला तुकडा कपाळावर बसलेल्या माणसाच्या खटल्यात, तेच मत सगळ्या कोर्टाचं झालं. पुढे ते जगभर पसरलं. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचं सहावं प्रकरण आहे, त्या विचाराचं मूळ शोधत गेलात तर इथे पोचाल. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा चालतो असं १९४२ मध्ये स्वतःच लिहिणाऱ्या ट्रेनरांनी १९५५ मध्ये स्वतःच तो निकाल फिरवला, हेही नोंदवण्यासारखं.

सरन्यायाधीशाच्या मागे कारभाराचंही झेंगट असतं. राज्यातल्या ५८ काउंटींच्या (जिल्ह्यांच्या) कोर्टांचं धोरण ठरवणाऱ्या न्यायिक परिषदेचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं, त्यामुळे अर्थसंकल्पासाठी विधिमंडळाचे उंबरे झिजवावे लागतात. तक्रारी आणि शिस्तीसाठी मात्र १९६० पासून वेगळा आयोग आहे.

निवृत्तीचं सक्तीचं वय नाही. जुन्या निवृत्तिवेतन योजनेत सत्तरीनंतर थांबणाऱ्याचा तोटा व्हायचा, म्हणून अनेक जण त्या सुमाराला निघायचे. ट्रेनरही १९७० मध्ये निघाले. हल्ली लोक आधीच निघतात. न्यायाधीश मारियानो-फ्लोरेंटिनो क्वेयार २०२१ मध्ये कार्नेगी एंडोमेंट या परराष्ट्र धोरणावरच्या अभ्याससंस्थेचे प्रमुख झाले, गेरेरोंच्या आधीच्या सरन्यायाधीश टानी कँटील-साकाऊये मुदत संपल्यावर पुन्हा मतदारांसमोर न जाता एका धोरण-संशोधन संस्थेत गेल्या. खासगी लवाद हा तिसरा रस्ता, आणि पैसा तिथे सर्वांत जास्त.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर सुनावण्या कोर्टाच्या संकेतस्थळावर थेट दिसतात, साधारण महिन्यातून एक आठवडा. सकाळी नऊला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. निकाल बहुधा सोमवारी आणि गुरुवारी तिथल्या सकाळी दहाला जाहीर होतात. आधी पक्षकारांची लेखी कैफियत वाचा, मग सुनावणी ऐका. नाहीतर न्यायाधीश तोच तोच प्रश्न का विचारतायत ते कळणार नाही.