'वहन' नदीचं की हमालाचं?

एका वाचकाच्या मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, पेशीश्वसनाच्या (पेशी अन्नातून ऊर्जा कशी मिळवते त्याच्या) धड्यात 'इलेक्ट्रॉन वहन साखळी' आहे. यातलं वहन म्हणजे वाहत जाणं की वाहून नेणं, अशी विचारणा आहे.

शंका रास्त आहे. नदी वाहते आणि हमाल ओझंही वाहतो. धातू एकच, 'वह्'. 'पाणी वाहिलं', 'हमालानं ओझं वाहिलं' म्हटलं की अर्थ आपोआप कळतो. 'वहन' असं नाम केलं की कर्ता गळतो आणि घोळ सुरू होतो. त्यात 'वहन, अभिसरण, प्रारण' हे उष्णतेचं त्रिकूटही मुलांच्या डोक्यात असतंच.

इथलं वहन हमालाचं. तंतुकणिका म्हणजे पेशीतलं ऊर्जाघर (मायटोकॉन्ड्रिया); तिच्या आतल्या पटलात प्रथिनांचे चार मोठे संच रुतलेले असतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच या वाहक रेणूमार्फत पहिल्या संचाला मिळतात, काही दुसऱ्यातून शिरतात. या दोघांकडून तिसऱ्याकडे ते नेतो कोएन्झाइम क्यू, तिसऱ्याकडून चौथ्याकडे सायटोक्रोम सी. ओझं उचलायचं, पोचवायचं, रिकाम्या हातानं परतायचं. शेवटी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचं पाणी होतं. श्वासातला ऑक्सिजन मुख्यतः इथेच खर्ची पडतो. सायनाइड घाव घालतं तेही याच चौथ्या संचावर.

'साखळी' मला तितकीशी पटत नाही. कडीत कडी अडकवलेली नसते. आग विझवायला माणसं ओळीनं उभी राहून बादल्या पुढे देतात, तसली ही साखळी.

शिवाय एवढा खटाटोप कशासाठी, ते या नावात कुठेच नाही. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर पहिला, तिसरा आणि चौथा संच प्रोटॉन पटलापलीकडे ढकलतात. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली. १९७८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. या ढकलण्याला आपल्याकडे झकास शब्द तयार आहे: उदंचन. घाटघरच्या उदंचन प्रकल्पात वीज मुबलक असताना पाणी वर चढवतात, गरज पडली की खाली सोडून जनित्र फिरवतात. पेशीतही प्रोटॉन उताराला लागले की एटीपी सिंथेज हे विकर (एन्झाइम) खरोखरच गरगर फिरतं आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं. म्हणजे मुलीला नदी हवीच असेल, तर ती इथे आहे, प्रोटॉनची.

जाता जाता: संस्कृतात 'उदंचन' म्हणजे विहिरीतून पाणी काढायची बादलीसुद्धा.