आधी साधी बीसीजी बघ

टिळकवाडी, बेळगाव

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

मूत्राशयाच्या कॅन्सरवर बदललेली बीसीजी देण्याच्या चाचणीचा तुझा आराखडा दोनदा वाचला. जनुकांचा भाग चोख उतरलाय. पेशंट मात्र एकाही पानावर भेटला नाही, म्हणून हे पत्र.

काल्मेत आणि गेरँ यांनी 13 वर्षं पित्त लावलेल्या बटाट्यावर वाढवून गाईच्या क्षयाचा जंतू मवाळ केला. 1921 मध्ये ती लस, म्हणजे क्षयावरची बीसीजी, माणसाला पहिल्यांदा दिली. 1976 मध्ये कॅनडाच्या मोरालेस यांनी तीच नऊ पेशंटांच्या मूत्राशयात सोडल्याचं छापलं. हे तुला पाठ आहे. व्हीपीएम 1002 चं, म्हणजे बदललेल्या बीसीजीचं, मात्र नीट लिही. बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेत बीसीजीतलं, आंबटपणा मारणाऱ्या युरिएझचं जनुक काढलं आणि लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूचं लिस्टेरिओलायसिन बसवलं. युरिएझ गेलं की जंतू आपल्या पेशीतल्या ज्या पोकळीत अडकतो ती आंबट होते, आणि लिस्टेरिओलायसिनला भोकं पाडायला तोच आंबटपणा लागतो. एक बदल दुसऱ्यासाठी केलाय, आणि तू त्यांना दोन वेगळ्या प्रकरणांत टाकलंस!

आणि 'निम्मे रुग्ण बरे झाले' हे वाक्य खोडून टाक. व्हीपीएम 1002 च्या स्वित्झर्लंड-जर्मनीतल्या त्या चाचणीत साध्या बीसीजीनंतरही गाठ परतलेले पेशंट होते. 60 आठवड्यांनी जवळपास निम्म्यांच्या मूत्राशयात ती पुन्हा दिसली नाही, एवढंच. तुलनेला दुसरा गट नव्हता. आकडा आशेचा आहे, पण तू त्याच्याकडून जास्तच वदवून घेतेस.

आता माझं खरं म्हणणं. जंतू बदललेला असो की साधा, तो मूत्राशयात जातो नळीनंच. तेव्हा आधी महिनाभर साध्या बीसीजीच्या पेशंटांपाशी बस. आठवड्याला एक, असे सहा डोस. नळीनं औषध आत सोडायचं आणि दोन तास लघवी धरायची. खानापूरकडचा म्हातारा घड्याळाकडं बघत कूस बदलत असतो, आणि त्याच्या मनात परतीची बस असते. पुढचे सहा तास लघवी बसून करायची, भांड्यात ब्लीच ओतायचं, पंधरा मिनिटं थांबून मग पाणी सोडायचं. हे एसटी स्टँडवरच्या संडासात कसं जमायचं? आराखड्यात 'रुग्णांना सूचना दिल्या जातील' एवढं लिहून तू मोकळी झालीस.

पेशंट हमखास विचारतो, "म्हंजे मला टीबी लावणार काय?" अशा वेळी 'लसच आहे हो' म्हणून वेळ मारून नेऊ नकोस. जंतू दुबळा आहे पण जिवंत आहे, क्वचित अंगात पसरतो, असं सरळ सांग. गाईगुरं सांभाळणाऱ्या माणसाला ते तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर कळतं. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत असलं, तरी ते वाचून दाखवणाऱ्याचा आवाज कोणत्या भाषेत घाबरतो, तेही बघ.

माझी एक चूक सांगतो. निपाणीच्या तंबाखू वखारीत जन्म काढलेले एक काका होते, बिडी शेवटपर्यंत सुटली नाही. दर आठवड्याला मी विचारायचो, "त्रास नाही ना?" ते म्हणायचे, "काय नाही बघा, बरं हाय." चौथ्या डोसाच्या वेळी काकू बाहेर बाकावर भेटल्या. म्हणाल्या, दोन रात्री गोधडीत कुडकुडत होते, पण सांगितलं तर डॉक्टर औषध बंद करतील म्हणून गप्प बसले. तो डोस आम्ही थांबवला. माझ्या प्रश्नातच उत्तर भरलेलं होतं. तेव्हापासून मी विचारतो, "परवा रात्री किती वेळा उठलात? पांघरूण किती घेतलंत?" आणि काकूंना वेगळं विचारतो. चाचणीत ताप लपला की तुझा सुरक्षिततेचा तक्ता खोटा पडतो. त्यात भर म्हणजे पेशंट जिवाला मुकू शकतो.

आराखड्यातलं सातवं पान पुन्हा लिहून घेऊन ये. पहिली गाडी पकड. नळी घालायला नऊला सुरुवात होते, आणि काकू लोक बाकावर त्याच्या आधी येऊन बसलेल्या असतात.

तुझे सर