मूडलवर आधी चाचणी, व्हिडिओ नंतर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो. निवृत्ती जवळ आली आहे. यंदा विद्यापीठाने प्रत्येक विषय मूडलवर, म्हणजे ऑनलाइन शिकवायच्या यंत्रणेवर, चढवायचं पत्रक काढलंय. माझ्या सगळ्या नोट्स जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आहेत. तरुण सहकारी म्हणतात, तासांचं रेकॉर्डिंग करा आणि टाकून मोकळे व्हा. पण पोरांच्या वाडी-वस्तीवर रेंज नसते. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सर, रेकॉर्डिंगच्या नादी आत्ताच लागू नका. तासभराचा व्हिडिओ बघायला ना पोरांकडे डेटा, ना चिकाटी. व्याख्यानंच ऐकायची असतील तर २०१७ पासून केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं 'स्वयम' आहे. ऐकणं फुकट, परीक्षा द्यायची तरच फी.

तुम्ही चाचणीपासून सुरू करा. एकच पेपर, त्यातलं एकच प्रकरण. लघुत्तरी प्रश्न टाकताना मात्र मूडल किती अडाणी आहे ते लक्षात ठेवा. 'सत्यशोधक समाजाची स्थापना कोणी केली?' याला कोणी 'जोतीराव' लिहील, कोणी 'ज्योतिराव', कोणी 'महात्मा फुले'. तुम्ही एकच उत्तर भरलंत तर बाकीच्यांना शून्य. म्हणून मान्य असलेली सगळी रूपं एकाखाली एक भरा. साल विचारलं तर १८७३ देवनागरी आकड्यांतही भरा आणि इंग्रजीतही, कारण अर्धी पोरं इंग्रजी आकडेच टाकतात.

रेंजचं म्हणाल, तर मूडल काढणारे मार्टिन डूगियामास लहानपणी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात रेडिओवरून शाळा शिकले. वाडीवरची अडचण त्यांना कोणी समजावून सांगायला नको! मूडलच्या मोबाईल ॲपमध्ये कोर्स उतरवून घेता येतो. पोरांनी हे काम कॉलेजच्या वायफायवर उरकायचं. चाचणीच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन सोडवू देण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. पण मग वेळेची मर्यादा लावायची नाही आणि प्रत्येक प्रश्नानंतर लगेच निकाल दाखवायचा नाही. यातलं एक जरी ठेवलंत तरी ऑफलाइन चालत नाही. पोरगं शेतावर बसून सोडवील, रेंजमध्ये आलं की उत्तरं वर जातील. ॲपची सोय मुळात चालू केली आहे का, हे विद्यापीठाच्या संगणक केंद्राला आधी फोन करून विचारा. बऱ्याचदा तीच बंद असते आणि बोल पोरांना लागतो.

आता नोट्स. जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवलात तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर मराठी नीट दिसते त्या पद्धतीत, बदलून घ्या. बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण रफाराशी त्यांचं वाकडं असतं. 'वर्ग'चा 'वगर्' होतो, 'धर्म'चा 'धमर्'. त्यामुळे ओळ न् ओळ वाचावीच लागते. सगळ्या फायली एकदम काढून बसलात तर दिवाळीपर्यंत उठणार नाही. चाचणीत जे प्रकरण आहे तेवढ्याच नोट्स आधी बदला. नोट्सचे स्कॅन करून पीडीएफ चढवायचा मोह होईल. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकला दाखवायला ते चालेलही, पण मोबाईलवर त्यातलं एक वाक्य शोधायला पोरांना अर्धा तास लागेल.

आणि सत्र संपलं की प्रश्नपेढी एक्सएमएल फाइल म्हणून उतरवून स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवा. विद्यापीठाने उद्या यंत्रणा नव्याने बसवली, तर तुमच्या जागी येणाऱ्याला सगळे प्रश्न पुन्हा टाइप करत बसावं लागणार नाही.