सायगॉनला रुजू होण्याआधी

प्रिय मित्रा,

नोकरीबद्दल एक ओळ आणि मोटरसायकलींबद्दल पानभर, असं तुझं पत्र आहे. मला त्याचं काही वाटलं नाही. तुझ्या वयात मीही असाच होतो आणि अजूनही फारसा सुधारलेलो नाही. तेव्हा मुद्द्यावर येतो.

सायगॉनमध्ये भारी गाड्या कुठं बघायला मिळतील, असं विचारलं आहेस. (कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, गावातली माणसं सायगॉनच म्हणतात.) भारी म्हणजे तुझ्या डोक्यात लिटरभराची (1000 सीसीची) डुकाटी असणार. तशा गाड्या आहेत, पण मोजक्या. 2007 मध्ये व्हिएतनाम जागतिक व्यापार संघटनेत गेलं. तोवर 175 सीसीच्या वरची गाडी सामान्य माणसाला घेताच येत नसे, ती पोलिसांसारख्या सरकारी खात्यांकडेच असायची. आजही 125 सीसीच्या वरच्या गाडीवर आयातशुल्क सोडून 20 टक्के विशेष कर बसतो. त्यामुळे मोठी गाडी दिसते ती सुटीच्या दिवशी भल्या पहाटे, रस्ते मोकळे असताना. बघ, फोटो काढ आणि विसरून जा. ती गाडी तुला जगात कुठंही भेटेल.

तिथं शोधायच्या त्या 125 सीसीच्या खालच्या गाड्या. पहिली होंडा 67. कंपनीचं नाव एसएस50, पण सायगॉनमध्ये कुणी तसं म्हणत नाही. 49 सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन, होंडाच्याच सुपर कबसारखं आडवं झोपलेलं सिलिंडर, दाबलेल्या पत्र्याची चौकट आणि वर टाकी असलेलं खऱ्या मोटरसायकलीचं अंग. 1960 च्या दशकात युद्ध चालू असताना दक्षिण व्हिएतनाममध्ये होंडांचा पूर आला, त्यातली ही गाडी. आज त्या पिढीची नातवंडं ती घासूनपुसून चालवतात. ओळखायची खूण आवाज. एवढ्याशा इंजिनाला मोकळा सायलेन्सर लावलेला असतो, त्यामुळे ती दिसायच्या आधी कानावर येते.

त्याच काळातली सुपर कबही सोडू नकोस. 1958 साली आलेली ही गाडी 2017 पर्यंत 10 कोटींच्या वर बनली, म्हणून दुर्मीळ कोण म्हणेल! पण पन्नास वर्षं रोज राबलेली आणि अजून मूळ रंगात असलेली कब समोर आली, तर थांबून बघ. फ्रेंच काळाच्या खुणा आणखी विरळ. वेलोसोलेक्स ही मोटार लावलेली सायकल. इंजिन पुढच्या चाकाच्या डोक्यावर आणि एक रोलर थेट टायरला घासून चाक फिरवतो. पावसात टायर ओला झाला की रोलर घसरतो. ही चालताना दिसली तर नशीबवान समज, बहुतेक कॅफेत शोभेला ठेवलेल्या असतात.

कंपनीनं हनोईला पाठवलं तर नजर बदल. उत्तरेत समाजवादी देशांतून आलेला माल आहे. बेलारूसची मिन्स्क, 125 सीसी टू स्ट्रोक, डोंगराळ ‘हा जांग’ भागात शेतकऱ्यांनी डुकरांपासून सिमेंटपर्यंत सगळं तिच्यावर वाहिलं. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराच्या जर्मन डीकेडब्ल्यू आरटी 125 या गाडीत आहे. त्याच आराखड्यावरून ब्रिटनची बीएसए बँटम आणि अमेरिकेची हार्ले हमरही निघाली. म्हणजे हनोईच्या गल्लीत निळा धूर सोडत जाणारी ती कळकट गाडी हार्लेची चुलत बहीण लागते! पूर्व जर्मनीची सिमसन दिसली तर मालकाला तिची गोष्ट जरूर विचार. 1980 च्या दशकात तिकडच्या कारखान्यांत गेलेल्या व्हिएतनामी कामगारांनी कमाईतून अशा गाड्या घेऊन घरी धाडल्या होत्या. गाडी आजोबांची असेल तर बोलायला मालक हमखास तयार होतो.

हे सगळं बघायचं फुटपाथवर बसून. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याशेजारी प्लास्टिकचं बुटकं स्टूल आणि बर्फाची कॉफी मिळते. तिथं तासभर बसलास तर जुनी गाडी दुरुस्तीला येतेच आणि इंजिन उघडलेलं बघायला मिळतं. फोटो विचारून काढ. लाल नंबरप्लेट सैन्याची असते, तिथं कॅमेरा खिशात.

स्वतः हँडल धरलंस की मात्र बघायचं ते फक्त पुढच्या गाडीचं पुढचं चाक. इंडिकेटर तास न् तास चालू राहिलेला असतो आणि चालवणारा कुणाशी तरी बोलत असतो. चाक खोटं बोलत नाही. ते वळायला लागलं की माणूस वळणार. सायगॉनच्या फू दोंग चौकात दंतकथेतला वीर थान्ह जाँग याचा घोड्यावरचा पुतळा आहे, सहा रस्ते तिथं येऊन मिळतात. नवख्या माणसाला वाटतं, इथं कुणी कुणाचं ऐकत नाही. प्रत्यक्षात प्रत्येकजण आपल्या पुढच्या तीन-चार गाड्या सांभाळतो, मागचं मागचे बघतात. तुझं काम एवढंच, एकदम काही करायचं नाही. एकदम ब्रेक नको, एकदम वळण नको, जागा मिळाली म्हणून एकदम मुसंडी तर नकोच. पायी रस्ता ओलांडतानाही तेच सूत्र. संथ, एकसारखा चाल. दुचाक्या तुला वळसा घालून जातात. मध्येच घाबरून मागे फिरलास तर त्यांचा अंदाज चुकतो. बस आणि मोटारी वळसा घालत नाहीत, त्यांना जाऊ दे.

समोरच्यानं दिवे चमकवले म्हणजे तो म्हणतोय, मी येतोय, बाजूला हो. याचा उलटा अर्थ लावून पुढे घुसू नकोस. तिथं वाहतूक उजवीकडून चालते. मोठ्या रस्त्यावर गर्दीच तुला उजवीकडे ठेवते. धोका पहाटे रिकाम्या गल्लीतून बाहेर पडताना, हात सवयीनं डावीकडे नेतो तेव्हा. शिवाय कडेकडेनं उलट्या दिशेनं येणारा एखादा महाभाग असतोच. कुणी अनोळखी माणूस शेजारी येऊन तुझ्या पायाकडे बोट दाखवत ओरडला तर भांडायला जाऊ नकोस, तुझा साइड स्टँड खाली राहिलेला असतो.

पहिली गाडी भाड्यानं घे, होंडा वेव्हसारखी. क्लच लिव्हर नसतो. पेडल पुढून दाबलं की वरचा गिअर, टाचेनं दाबलं की खालचा. पेडल दाबून धरलंस तोवर क्लच सुटलेला राहतो, म्हणून उतरता गिअर टाकताना पाय हळू सोड. झटक्यात सोडलास तर ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरतं. आणि मे ते नोव्हेंबर रस्ता ओला असतोच. रेनकोट तिथलाच घे. त्याला समोर पारदर्शक खिडकी असते, हेडलाइटच्या उजेडासाठी. दोन डोक्यांचाही मिळतो, मागे बसणाऱ्यासकट.

आता कंटाळवाणं, पण सगळ्यात महत्त्वाचं. आरटीओकडून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट 1949 च्या जिनिव्हा करारातलं असतं, व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना करारातलं मानतो. म्हणजे ते खिशात असूनही कायद्यानं तू बिनपरवाना. भाड्यानं देणारा काही विचारत नाही. अपघात झाला की विमा कंपनी विचारते. एचआरच्या मागे लागून तिथलं लायसन्स काढ. ते हातात येईपर्यंत ग्रॅबवाल्याच्या (अ‍ॅपवरून बोलावायच्या बाइक-टॅक्सीच्या) मागे बस, नाहीतर मेट्रो घे. बेन थान्हपासून निघणारी पहिली लाइन डिसेंबर 2024 मध्ये सुरू झाली आहे. हेल्मेटसक्ती 2007 च्या डिसेंबरपासून आहे, मागच्यालाही. दारूची मर्यादा शून्य. एक बिअरही चालत नाही. 2025 पासून दुचाकीनं सिग्नल तोडला तर दंड 40 ते 60 लाख डाँग, फुटपाथवर चढवली तरी तेवढाच.

शेवटी वेस्पा. मोह होणार, मला माहीत आहे. जुन्या वेस्पा आणि लँब्रेटा तिथं आरशासारख्या चकचकीत करून विकतात, परदेशीही पाठवतात. त्यातल्या कित्येक दोन-तीन मोडक्या गाड्यांचे तुकडे जोडून बनलेल्या असतात. आडवी करून पाय ठेवायच्या पत्र्याच्या खालच्या बाजूनं वेल्डिंगचे जोड बघ. लोहचुंबक फिरव, जिथं तो धरत नाही तिथं पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली आहे. चासी नंबर आणि इंजिन नंबर नोंदणीच्या कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळव. विकणारा म्हणाला की कार्ड नंतर देतो, तर गाडी कितीही देखणी असो, उठून ये.

तुझा,
काका