वाचकांचे प्रश्न: जुन्या मोटारीच्या आतले काम घरी करताना

प्रश्न: माझी मोटार पन्नास वर्षांहून जुनी आहे. इंजिन व्यवस्थित चालते. मात्र सीटमधील फोमचा भुगा खाली सांडतो, कार्पेटला कुबट वास येतो आणि दाराची पॅनेल खालच्या कडेला फुगली आहेत. हे काम घरी करता येईल का? आणि सुरुवात सीटपासून करावी का?

उत्तर: काम घरी करता येईल, परंतु सुरुवात सीटपासून नव्हे, त्या कुबट वासापासून करावी. आत पाणी येण्याची वाट सापडल्याशिवाय नवे कार्पेट घातले, तर त्याखालचा पत्रा पूर्वीसारखाच गंजत राहील आणि तो आता दिसणारही नाही. सीट व कार्पेट काढून घ्या, एकाला विजेरी घेऊन आत बसवा आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपाची बारीक धार खालून वर नेत हळूहळू सोडावी. वरून सुरुवात केली, तर पाणी सगळीकडून ओघळते आणि नेमकी फट कोणती, हे कळत नाही. ओल चिकट लागत असेल व तिला गोडसर वास येत असेल, तर ते पावसाचे पाणी नसून हीटरमधून गळणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव असते.

तुमच्या दारांची पॅनेल फुगण्याचे कारणही बहुधा पाणीच आहे. काचेच्या कडेने पाणी दारात उतरणे हा दोष नव्हे. दाराची रचनाच तशी असते. ते पाणी दाराच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडावे आणि पॅनेलला लागू नये, म्हणून पॅनेलच्या मागे प्लास्टिकचा किंवा मेणकागदाचा पडदा चिकटवलेला असतो. पूर्वीच्या दुरुस्तीत हा पडदा फाडून टाकलेला असणे, किंवा छिद्रे मातीने बुजलेली असणे, हे फार आढळते. छिद्रे तारेने मोकळी करा, नवा पडदा चिकटवा आणि मगच जुन्या पॅनेलच्या मापाने नवे कापून घ्या. नव्या पॅनेलच्या कडांना व मागच्या बाजूला वॉर्निश दिले, तर ते ओल धरत नाही.

काही सोडवण्याआधी बॅटरीची ऋण तार काढावी, प्रत्येक भागाचे जागेवर असतानाच छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवावेत. परत बसवताना छताचे अस्तर सर्वांत आधी आणि सीट सर्वांत शेवटी, कारण छताचे काम चालू असताना गोंद आणि धूळ खाली पडतच असते.

आता सीट. दोन्ही पुढच्या सीट एकाच वेळी उसवू नका, हा माझा आग्रह आहे. एक पूर्ण होईपर्यंत दुसरी जशीच्या तशी राहू द्या, म्हणजे शिवण कुठे वळते, पट्टी किती रुंद होती, असे प्रश्न तिच्याकडे पाहून सोडवता येतात. कव्हर सांगाड्याला तारेच्या कड्यांनी अडकवलेले असते. ती कडी पकडीने कापून काढावीत, ओढू नयेत. उसवण्यापूर्वी शिवणीच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच आडवी रेघ पेन्सिलीने वीतभर अंतराअंतरावर मारावी, प्रत्येक तुकड्याच्या मागे क्रमांक लिहावा आणि मखमली कापड असेल तर लव कोणत्या दिशेला आहे, तेही बाणाने दाखवावे. नवे तुकडे जोडताना त्या रेघा एकमेकींना जुळल्या, तर वळणावर चुण्या पडत नाहीत. सांगाड्याचा गंज तारेच्या ब्रशने काढून प्राइमर द्या, तुटलेली स्प्रिंग बदला आणि स्प्रिंग व फोम यांच्यामध्ये गोणपाटाचा थर अवश्य घाला. तो नसला, तर स्प्रिंग नवा फोम कुरतडून टाकते. फोम बसायला कडक आणि पाठीला थोडा मऊ असावा व कव्हरपेक्षा किंचित मोठा कापावा, म्हणजे कव्हर ताणलेले राहते. शिवणकाम मात्र बाहेर द्यावे असे माझे मत आहे, कारण चामड्याचे किंवा जाड रेक्झिनचे तीन-चार पदर घरगुती मशीनला पेलत नाहीत. दोरा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा वापरायला सांगा. सुती दोरा ओलीने कुजतो.

प्रश्न: माझ्या मोटारीच्या चामडी सीटवर बारीक भेगा आहेत. कोणी सांगतात की दर महिन्याला तेल लावावे, तर कोणी म्हणतात की सरळ नवे चामडे घालावे. काय योग्य?

उत्तर: आधी ते चामडेच आहे, याची खात्री करा. सीटच्या खालून कव्हरची कड उलटून पाहा: मागची बाजू तंतुमय असेल तर चामडे, विणलेले कापड दिसले तर रेक्झिन. रेक्झिनमध्ये तेल मुरत नाही. चामड्याच्या सीटवरही बहुधा रंगाचा थर असतो आणि बारीक भेगा पुष्कळदा त्या थरालाच गेलेल्या असतात. तेलाने त्या भरून येत नाहीत, उलट त्यांत धूळ बसते. चामड्यासाठीच्या सौम्य क्लीनरचा फेस मऊ ब्रशने फिरवून, ओल्या फडक्याने पुसून, सावलीत पूर्ण वाळवा. भेग बोटांनी किंचित फाकवल्यावर चामडे तुटत नसेल, तर लवचीक फिलर भरून, बारीक पॉलिश पेपरने सपाट करून, पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे पातळ हात द्यावेत. तुटत असेल, तर आधी मागून कापडाचे ठिगळ चिकटवावे.

धरून राहणारे चामडे काढून टाकू नये, असे मला मनापासून वाटते. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेचा रोखही मूळ वस्तूत कमीत कमी ढवळाढवळ करावी आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असाच आहे. नवे चामडे पुन्हा केव्हाही घालता येईल. मूळ चामडे एकदा गेले की गेले.

प्रश्न: डॅशबोर्डच्या लाकडावरील वॉर्निशचे पोपडे निघत आहेत. मशीनने घासू का? सीट बेल्टही विटले आहेत, ते रंगवता येतील का?

उत्तर: मशीन लावू नका. वर दिसते ते बहुधा व्हिनियर, म्हणजे साध्या लाकडावर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा असते, त्याची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी असू शकते आणि ते एकदा घासून गेले, तर खालचे साधे लाकूड उघडे पडते. उन्हाने खराब झालेला असतो तो वॉर्निशचा थर. तो रसायनाने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने काढा आणि मग बारीक पेपर हाताने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवा. रसायन आणि चिकटवण्याचे गोंद दोन्ही उघड्या हवेत, आगीपासून दूर वापरावेत.

सीट बेल्ट रंगवू नयेत आणि ब्लीचही करू नयेत. उन्हाने व रसायनाने पट्ट्याचे तंतू कमकुवत होतात आणि ते वरून पाहून कळत नाही. म्हणून विटलेले पट्टे बदलावेत आणि त्याच वेळी ते ज्या ठिकाणी बोल्टने बसवलेले आहेत, तेथील पत्रा गंजलेला नाही ना, हे खालून टोकरून पाहावे.