नेव्हीतून सुटताना

गड्या, सुटायला वर्ष-दीड वर्ष असतानाच तयारीला लाग. डीजीआरच्या, म्हणजे सैन्यातून सुटणाऱ्यांना नव्या कामासाठी तयार करणाऱ्या संरक्षण खात्याच्या कार्यालयाच्या, कोर्सची चौकशी युनिटमधूनच कर, गावी आल्यावर ते अवघड होतं. आलास की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदव.

आयटीआयमध्ये शिकवायचं मनात असेल तर सीआयटीएस, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांसाठीचा प्रशिक्षण कोर्स, करून घे. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर तू इंजिन शिकलास, जहाजावर उघडून जोडलंस, सगळं खरं; पण जाहिरातीत प्रमाणपत्र मागतात.

खरी कसोटी वर्गात. आपल्या मराठवाड्यातल्या बऱ्याच लेकरांनी समुद्र पाहिलेला नसतो. जहाजाच्या गोष्टी पहिल्या दिवशी सांग, मग आवर. ट्रॅक्टरचं इंजिन खोलून दाखव. इंजेक्टर, पिस्टन, चार स्ट्रोक तेच, आणि घरी तेच बिघडतं म्हणून पोरं कान देतात. पाने-पकडी मात्र मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. ही नेव्हीची शिस्त अजिबात सोडू नको. आवाज मात्र खाली ठेव! पोरगं उशिरा आलं तर आधी विचार, एसटी कुठून येते.

खासगी संस्थेत पगार बेताचाच. पेन्शन आहे म्हणून निभतं. वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांतही ट्रेनर लागतात, तिकडेही अर्ज टाक.